पगारपत्रकाबाहेरचे आजारी

कर्जत लोकलने नेरळ सोडलं की पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. मूळ भिवपुरी मात्र तिथून बरीच आत, कर्जतच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी जाड नळांतून खाली आणून टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने १९२२ साली इथे वीज तयार करायला सुरुवात केली. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीचं वीजघर त्याआधी सात वर्षं सुरू झालं होतं. दोन्हीकडची वीज मनोऱ्यांवरून मुंबईला गेली आणि गिरणगावातले माग तिच्यावर फिरले.

त्या मागांवर उभा राहणारा गिरणी कामगार १९५४ पासून कामगार राज्य विमा योजनेत आला. आजारी पडला तर त्याला दवाखाना, इस्पितळात खाट आणि कामावर न गेलेल्या दिवसांचा काही हिस्सा पगार मिळायची सोय झाली. ज्या डोंगरातून ही वीज उतरत होती, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकूर आणि कातकरी माणसाला यातलं काही लागू नव्हतं. तो भात लावायचा, लाकूड तोडायचा, कोळसा पाडायचा, पण त्याचं नाव कुठल्याही पगारपत्रकावर नव्हतं. भारतातला सरकारी आरोग्य विमा अनेक वर्षं पगारपत्रकाच्या मागे चालत राहिला. तो त्याबाहेरच्या माणसापर्यंत का न्यायला हवा, कुठवर नेला गेला आणि पोचल्याचं सांगितलं जात असतानाही नेमका कुठे अडला, याची चर्चा पुढच्या पानांत आहे. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके त्यासाठी निवडले, कारण मुंबईपासून लोकलच्या अंतरावर असूनही मोठ्या इस्पितळापासून ते लांबच राहिले आहेत.

या कल्पनेच्या मुळाशी मराठी माणसं आहेत, हे सहसा सांगितलं जात नाही. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सरकारला सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या आराखड्यातून १९४८ चा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आडारकरांचा आराखडा आला त्याच सुमारास सर जोसेफ भोर, जन्माने नाशिकचे, एका मोठ्या समितीचे अध्यक्ष होते. पैसे नाहीत म्हणून कोणालाही पुरेशी वैद्यकीय मदत नाकारली जाऊ नये, असं त्या समितीच्या १९४६ च्या अहवालाचं सूत्र होतं. आडारकरांचा आराखडा कारखान्यापुरता होता, भोर समितीचा विचार सगळ्या देशाचा. कारखान्यापुरता होता तो अमलात आला, कारण पगारातून वर्गणी कापून घेणं सोपं होतं. देशाचा होता तो बराचसा कपाटात राहिला.

कामगार विमा आजही चालू आहे आणि आपल्या परीने चांगला आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेतला कामगार त्यात येतो. मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांतल्या कायम कामगाराला याचा लाभ मिळतो. कंत्राटदाराच्या माणसाला तो मिळेलच असं नाही, आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर तर प्रश्नच मिटतो.

कुंपणाबाहेर आज कोण आहे? पहिला नंबर फार्महाऊसवरच्या वॉचमनचा आणि माळ्याचा. गेल्या तीसेक वर्षांत उल्हास नदीच्या काठाने, भिवपुरीपासून कशेळ्यापर्यंत आणि इकडे चौक-खालापूरपर्यंत मुंबईकरांनी जमिनी घेतल्या. त्या जमिनींचे मूळ मालक किंवा त्यांची मुलं आता तिथेच राखणीला असतात. एका मालकाकडे एक माणूस, त्यामुळे दहाचा नियम लागायचा सवालच नाही. माथेरानही कर्जत तालुक्यातच येतं. तिथे घोडेवाले, हमाल आहेत. शनिवार-रविवारी रिसॉर्टवर भांडी घासायला आणि जेवणं वाढायला येणाऱ्या बायका आहेत. आणि वीटभट्ट्या आहेत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. जाताना मालकाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते.

या उचलीत लग्नाचा खर्च असतो, खाण्याचा असतो, आणि दवाखान्याचा असतो. घरात कोणी आजारी पडलं की पैसे आणायचे कुठून? बँक दारात उभी करत नाही. सोनं असलंच तर मंगळसूत्रापुरतं. मग भट्टीवाल्याला फोन जातो, तो पैसे देतो, आणि पुढचा हंगाम त्याच्याकडे लिहून दिल्यासारखा होतो. इस्पितळाचं बिल अशा वेळी सहा महिन्यांच्या मजुरीचा करार होऊन बसतं. दारिद्र्यावरच्या अहवालांत याला 'आपत्तीकारक आरोग्य खर्च' म्हणतात. भट्टीवर त्याला नुसतं 'बाकी' म्हणतात.

आकडे काढले तर हा फास किती घट्ट आहे ते कळतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ४,२९० रुपये निघाला आणि खासगीत २७,३४७ रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. म्हणजे खासगीतलं एक आजारपण १३६ दिवसांच्या मजुरीएवढं. कायदा वर्षाला हमी देत होता १०० दिवसांची.

अशा घराला वर्षाचा हप्ता भरून खासगी विमा घ्यायला सांगणं ही थट्टा आहे. विम्याचं गणित मोठ्या संख्येवर चालतं: निरोगी माणसांचा पैसा आजाऱ्याच्या कामी यायचा असतो. गरिबाला स्वतःच्या खिशातून भरायला लावलं तर ज्याला आजाराची भीती आहे तोच भरतो, हप्ता चढतो, आणि एक-दोन वर्षांत तोही गळतो. म्हणून हा हप्ता सरकारने करातून भरायचा, हे सार्वजनिक आरोग्य विम्याचं साधं तत्त्व.

एकाचा भार सगळ्यांनी उचलणं कर्जत तालुक्याला नवखं वाटण्याचं कारण नाही. माथेरानचे वकील विठ्ठल उर्फ भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्यापूर्वी सावकाराच्या दारात जाणाऱ्या इथल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली होती. सुगीला सगळ्यांनी भात टाकायचं, अडीअडचणीला ज्याची चूल थंड पडेल त्याने उचलायचं. १९४२ मध्ये त्यांच्या 'आझाद दस्ता' या गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते गोळीला बळी पडले. लोकांना मनोरे आठवतात, चित्रपटही त्यावरच निघतात. धान्यकोठीची आठवण कमी निघते. पुढे याच भागात, कशेळ्याला, अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांवर धान्य बँका चालवल्या. संकट वाटून घ्यायची रीत या मातीत आहे. आजाराची कोठी मात्र पाड्यापुरती उभी राहू शकत नाही. एका बायपासच्या बिलात सबंध पाड्याचं भात जाईल. तिला राज्याएवढी व्याप्ती लागते.

महाराष्ट्राने ती व्याप्ती टप्प्याटप्प्याने आणली. १९९७ पासून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी जीवनदायी योजना होती, पण ती मोजक्या मोठ्या आजारांपुरती आणि अर्जविनंत्यांची. केंद्राने २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली: ३० रुपये नोंदणी, स्मार्ट कार्ड आणि वर्षाला ३० हजारांचं संरक्षण. मग २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, मुंबई, मुंबई उपनगर आणि रायगड. म्हणजे रायगड पहिल्या तुकडीत होता. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, ९७१ प्रकारच्या शस्त्रक्रिया आणि उपचार यादीत, आणि सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता भरणार. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं, १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एकदा जवळून पाहायला हवं, कारण योजनेचं बरंवाईट टेबलापाशी ठरतं. समजा, भिवपुरीकडच्या एका वाडीतल्या पन्नाशीच्या माळ्याच्या छातीत पहाटे कळ आली. कोणीतरी १०८ ला फोन लावतो, किंवा शेजारची टमटम काढतात. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी निघतो, जिभेखाली गोळी जाते आणि पुढे हलवा असं सांगितलं जातं. पुढे म्हणजे पनवेल-कामोठे, नाहीतर कल्याण, नाहीतर थेट मुंबई. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, पण कर्जतच्या माणसाला अलिबाग मुंबईपेक्षा अवघड. अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेच्या यादीतल्या इस्पितळात पोचलं की दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं. तो आधार मागतो, रेशनकार्ड मागतो. आधारवर नाव बाळू, रेशनकार्डावर बाळाराम. कार्ड घरच्या पेटीत राहिलेलं, मग थोरला मुलगा पुन्हा गाडी पकडून वाडीवर. इकडे फोटो, अर्ज, डॉक्टरांचे कागद कंपनीकडे ऑनलाइन जातात आणि मंजुरीची वाट सुरू होते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घ्यायची सोय नियमात आहे. ती तिथल्या माणसाने वापरली तर मुलगा परत यायच्या आत ॲन्जिओप्लास्टी झालेली असते.

आणि झाली की खरोखरच झाली. खाट, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एकवेळचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं आहे. हे भाडं ज्याने कोणी मसुद्यात घातलं, त्याला गरिबाचं घर माहीत होतं.

टीकाकार विचारतात, याने माणसं वाचतात का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला शेजारच्या राज्यातून बऱ्यापैकी सरळ उत्तर मिळालेलं आहे. कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये आधी राज्याच्या उत्तर भागात सुरू झाली. संशोधकांनी योजना लागू असलेली आणि हद्दीपलीकडची, तिच्याबाहेरची गावं एकमेकांशी ताडून पाहिली. दोन्हीकडची माणसं, शेती, गरिबी सारखीच. योजनेने जे आजार कव्हर केले होते, त्यांनी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होणारे मृत्यू योजनेच्या गावांमध्ये ६४ टक्क्यांनी कमी आढळले आणि इस्पितळावर खिशातून होणारा खर्च सुमारे एकतृतीयांशाने घटला. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा अभ्यास छापला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या मेडिकेड विम्यात जागा थोड्या आणि अर्जदार सुमारे ९० हजार, म्हणून चक्क लॉटरी काढली गेली. दोन वर्षांनी विमा मिळालेल्यांचं कर्ज आणि मनावरचा ताण कमी दिसला. रक्तदाब, साखर यांत मात्र मोजण्याजोगा फरक पडला नव्हता.

या दोन निष्कर्षांमध्ये विसंगती नाही. मोठ्या आजारात, जिथे ऑपरेशन झालं नाही तर माणूस जातो, तिथे विमा जीव वाचवतो. रोजच्या आजारात तो निदान घर वाचवतो. दोन्ही गोष्टींसाठी सरकारने पैसे घालणं योग्य आहे, हे या प्रस्तावनेचं सरळ मत आहे.

पण राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा अनुभव विसरून चालणार नाही. तिच्यावरच्या अभ्यासांत गरिबांचा खिशातला खर्च फारसा घटलेला दिसला नाही. ३० हजारांची मर्यादा तोकडी होती, बाहेरची औषधं आणि तपासण्या तशाच राहिल्या, आणि अनेकांना आपल्या पेटीतल्या त्या चकचकीत कार्डाचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात जेमतेम पाचातल्या एका कुटुंबाने आपल्याकडे कुठला तरी आरोग्य विमा असल्याचं सांगितलं. तेव्हा फुले योजना राज्यभर लागू होऊन वर्षं झाली होती आणि राज्यातली बहुसंख्य कुटुंबं तिला पात्र होती. पात्र असणं वेगळं आणि आपण पात्र आहोत हे ठाऊक असणं वेगळं.

आता राज्य सरकारने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने आणि १ जुलै २०२४ च्या अंमलबजावणीने दारच उघडलं आहे. रेशनकार्डाचा रंग आता पाहायचा नाही, पांढरं कार्डही चालतं. संरक्षण कुटुंबामागे पाच लाख, उपचार तेव्हा १,३५६. रस्ते अपघाताची वेगळी योजना यातच मिळवली आणि तिची मर्यादा ३० हजारांवरून एक लाखावर नेली. द्रुतगती मार्ग आणि बोरघाट ज्या खालापूर तालुक्यातून जातो, तिथे या एका कलमाचं मोल वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानेही ७० आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमध्ये घेतलं.

मग आता आणखी विस्तार कसला, असं कोणी म्हणेल. शासननिर्णयापुरतं पाहिलं तर विस्तार पुरा झाला. वाडीवरून पाहिलं तर तो अर्धाही नाही.

पहिली अडचण कागदाची. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. माडिया गोंड आणि कोलाम या बाकीच्या दोन. जी कुटुंबं वर्षातले सहा महिने भट्टीवर असतात, त्यांच्या वाडीत शिबिर लागतं तेव्हा ती घरी नसतात. जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशनकार्डात नाव नाही, नाव नाही म्हणून आयुष्मान कार्ड नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत या जमातींपर्यंत कार्डं न्यायची असं ठरलं आणि कामही झालं, पण शिबिराचं वेळापत्रक भट्टीच्या हंगामाशी जुळवल्याशिवाय गळती थांबणार नाही. कार्ड काढायला पाड्यावर जायचं तर ते भर पावसात, आवणीच्या दिवसांत. म्हणजे नेमकं जेव्हा साहेबांना जायला नको असतं तेव्हा.

दुसरी अंतराची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. बचावासाठी आलेल्या पथकांना चिखलातून डोंगर चढत जावं लागलं, यंत्रं वर नेता आली नाहीत. त्या वाडीतला माणूस एरवी आजारी पडला तर त्याला त्याच वाटेने, झोळी करून खाली आणत. दरडीमुळे ती वाट राज्याने एकदा पाहिली. अशा वाटा दोन्ही तालुक्यांत अजून आहेत. पाच लाखांचं कार्ड डांबरी रस्त्यापर्यंत पोचलेल्या माणसाच्याच उपयोगाचं असतं. डायलिसिसचा रुग्ण घ्या. उपचार योजनेतून फुकट. पण आठवड्यातून दोन-तीनदा पनवेलला किंवा कल्याणला जायचं, सोबत एक माणूस, त्याचाही रोज बुडणार. कर्जत-पनवेल उपनगरी मार्गाचं काम अनेक वर्षं चाललेलं आहे. तोवर रिक्षा, बस आणि पुन्हा रिक्षा. पॅकेजात एकदा परतायचं भाडं आहे. डायलिसिसवाल्याचं परतणं संपतच नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आणि ती योजनेच्या रचनेतच आहे. विमा सुरू होतो इस्पितळात दाखल झाल्यावर. गरिबाचा बराचसा खर्च त्याआधीच होतो: तापाला इंजेक्शन, रक्ताची तपासणी, साखरेच्या-रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. उतरला हे चांगलंच, पण शंभरातले चाळीस रुपये अजून रुग्णच मोजतो. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सगळे उपचार मोफत केले. चांगला निर्णय. आता त्या मोफत केसपेपरवर लिहिलेली गोळी तिथल्याच खिडकीवर मिळायला हवी. बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हातात पडली की मोफतपणा तिथेच संपतो. साखरेच्या गोळ्या तीन महिने चुकल्या की तोच माणूस काही वर्षांनी डायलिसिसला जातो, आणि मग सरकार त्याच्यासाठी लाखांनी मोजतं. गोळीला पैसे नाहीत आणि यंत्राला आहेत, हा हिशेब कोणत्याही घरच्या बाईने मोडीत काढला असता.

रायगड जिल्ह्याला याचा एक उजळ दाखला माहीत आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावला की दाखल झालेल्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत. त्यांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून हृदयावर होणारा परिणाम नोंदवला आणि प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यावर आलं, त्यांचे लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. यात विमा कुठेच नव्हता. केंद्रात मुक्कामाला राहणारा डॉक्टर होता आणि कपाटात गोळी होती.

इथूनच विम्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप निघतो, आणि तो घेणारे लोक सार्वजनिक आरोग्यात आयुष्य घातलेले आहेत. त्यांचं म्हणणं असं: हप्त्याचा पैसा विमा कंपनीमार्गे शहरातल्या खासगी इस्पितळांत जातो, तोच कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नेमायला वापरा. शिवाय लबाडी. महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारतच्या साडेसात लाखांच्या घरातल्या लाभार्थ्यांची नोंद एकाच, दहा वेळा नऊ आकडा असलेल्या मोबाइल नंबरावर सापडली. यादीतली काही इस्पितळं योजनेतल्या रुग्णाकडून वर पैसे घेतात, हेही कोणाला नवीन नाही.

आक्षेपातला तथ्यांश मान्य करूनच पुढे जायला हवं. पण भूलतज्ज्ञ नेमला जाईपर्यंत माळ्याच्या छातीतली कळ थांबत नाही. आणि विमा की दवाखाना अशी निवड करायची गरज नाही, हे थायलंडने दाखवलं. तिथे २००१-०२ मध्ये ३० बाहतची योजना आली: भेटीला ३० बाहत, बाकी सगळं सरकारचं. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं पहिल्यापासून होती आणि पैसा माणशी हिशेबाने जवळच्या जिल्हा-तालुका रुग्णालयाला मिळायचा. ती चालली, कारण त्याआधीची दोन-तीन दशकं त्यांनी तालुक्याची रुग्णालयं बांधण्यात आणि डॉक्टरांना सक्तीने गावात पाठवण्यात घालवली होती. आपल्याकडेही फुले योजनेच्या दाव्याचे पैसे सरकारी रुग्णालयाला मिळू शकतात. कर्जतला झालेल्या ऑपरेशनचा दावा कर्जतलाच जमा झाला आणि तिथेच खर्चायची मुभा राहिली, तर विमाच उपजिल्हा रुग्णालयाचा निधी होईल. लबाडीवरही उपाय लाभार्थी गाळणं हा नाही. तपास कडक करणं आणि दोषी इस्पितळाला यादीतून काढणं हा आहे. दुकानदार वजनात मारतो म्हणून गिऱ्हाइकाचं रेशन कोणी बंद करत नाही.

म्हणून विस्तार हवा, तो वरच्या मर्यादेचा नव्हे. पाचाचे दहा लाख केले की बातमी मोठी होते, पण फार थोड्या कुटुंबांचं बिल पाच लाखांवर जातं. विस्तार खालच्या बाजूने हवा. महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या योजनेत याव्यात. डायलिसिस, केमोथेरपीसारख्या वारंवारच्या उपचारांना दर फेरीचं भाडं मिळावं. दाखल असलेल्या दिवसांची मजुरी, निदान रोजगार हमीच्या दराने, मिळावी. गिरणी कामगाराला ती १९५४ पासून मिळत होती, तेव्हा कल्पना नवी नाही. तालुक्यातच अंगीकृत रुग्णालय असावं, शक्य तिथे सरकारीच. आणि कागद नसलेल्या कातकऱ्याला आधी उपचार, मग कागद.

हे सगळं मुंबईहून आलेल्या शासननिर्णयाने आपोआप होत नाही. ग्रामसभेने विचारायला हवं: आपल्या गावात कार्ड किती निघाली, कोणत्या वाडीची राहिली, शिबिर भट्टीच्या हंगामात का ठेवलं? फार्महाऊसच्या मालकानेही एक करावं. येत्या शनिवारी फाटक उघडायला जो माणूस येईल, त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे आयुष्मान कार्ड आहे का, एवढं विचारावं. नसेल तर दोघांची आधार आणि रेशनकार्डं घेऊन त्यांना सेतू केंद्रात न्यावं. कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे आजारी पडण्याआधी माहीत असलेलं बरं. महात्मा फुले योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८ आहे, आयुष्मान भारतचा १४५५५.